मदत हवी आहे: आयर्न ऑक्साईडचे कण पीबीएसमध्ये गोळा होतायत, तरी एमआरआयचे आकडे धरायचे का?

नमस्कार मंडळी,

मी एका युनिव्हर्सिटीच्या बायोमटेरियल्स ग्रुपमध्ये पीएचडी करतेय. आमचं काम थोडक्यात सांगायचं तर असे कण आणि जेल बनवायचे जे शरीरात गेल्यावर एमआरआयमध्ये दिसतील आणि त्याच जागी उपचारही करतील, म्हणजे एकतर औषध सोडतील नाहीतर बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं की तापतील. ग्रुपमध्ये सेल कल्चर बघणारे आहेत, स्कॅनरचं फिजिक्स कळणारे एक सर आहेत, रेडिओलॉजीच्या एक डॉक्टर मॅडम आहेत, आणि कण बनवणं अन् त्यांचं कोटिंग माझ्याकडे आहे. त्यामुळे पुढे ज्याला जे काही दिसतं ते माझ्या बाटलीतून निघालेलं असतं, आणि म्हणूनच हा प्रश्न विचारल्याशिवाय मला पुढे जायचं नाहीये.

कण मॅग्नेटाईटचे, म्हणजे चुंबकीय आयर्न ऑक्साईडचे आहेत. फेरस आणि फेरिक क्लोराईड १:२ प्रमाणात, नायट्रोजनखाली, अमोनिया टाकून, मग सायट्रेटचं कोटिंग. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये गाभा साधारण १० नॅनोमीटर दिसतो. पाण्यात सगळं छान आहे, डीएलएसला (विखुरलेल्या प्रकाशावरून द्रावणातल्या कणांची साईज मोजतात ते) ४० नॅनोमीटरच्या आसपास साईज, झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरच्या चार्जचं माप) चांगलं निगेटिव्ह, बाटली उजेडात धरली तर द्रावण काळपट तपकिरी पण आरपार दिसणारं, आणि कितीही दिवस ठेवा, खाली काही बसत नाही.

हेच कण पीबीएसमध्ये (शरीरातल्या द्रवाइतकं मीठ असलेलं फॉस्फेटचं बफर) टाकले की काही मिनिटांत गढूळपणा येतो. डीएलएस हजाराच्या वर साईज दाखवतं आणि पीडीआय, म्हणजे साईज किती विखुरलेली आहे तो आकडा, इतका वाढतो की त्या साईजला अर्थच राहत नाही. रात्रभर ठेवलं तर सकाळी तळाला तपकिरी थर आणि वर स्वच्छ पाणी. ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढायला गेलं तर फिल्टर तपकिरी होऊन बसतो आणि खाली जवळजवळ रंगहीन थेंब पडतात.

आता खरी अडचण. एमआरआयच्या फॅन्टममध्ये (स्कॅनरमध्ये ठेवायचा नमुन्यांच्या ट्यूबचा संच) पीबीएसवाल्या ट्यूब पाण्यातल्या ट्यूबपेक्षा जास्त काळ्या येतात, लोहाचं प्रमाण तेवढंच असूनसुद्धा. म्हणजे आर२ (पाण्याचा सिग्नल किती वेगाने मरतो तो दर) जास्त निघतो, आणि ग्रुप मीटिंगमध्ये स्लाईड लावली की सगळे खूश, कॉन्ट्रास्ट वाढला म्हणून. मला मात्र तो आकडा घशाखाली उतरत नाही. मला असं वाटतंय की तो कणांचा गुण नाही, गोळ्यांचा आहे, आणि गोळे जर उद्या शिरेतून द्यायचे असतील तर ते फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतील, नाहीतर लिव्हर आणि प्लीहा त्यांना लगेच गिळून टाकतील, ट्यूमरपर्यंत पोचायचा प्रश्नच येणार नाही. तसंही २०१६ साली दहा वर्षांच्या पेपर्सचा जो आढावा निघाला त्यात इंजेक्शनने दिलेल्या नॅनोकणांच्या डोसपैकी ट्यूमरमध्ये पोचलेला भाग मध्यक धरला तर ०.७ टक्के होता, आणि तो चांगल्या कोटिंगच्या कणांना धरून. मग गोळ्यांचं काय.

याच आकड्यावरून पुढे प्राण्यांमधला डोस ठरणार आहे म्हणून मी इतकी अडून बसलेय. तर अनुभवी लोकांनी सांगा: हे गोळा होणं मिठामुळे आहे की फॉस्फेटमुळे, आणि वेगळं कसं ओळखायचं? सायट्रेट टिकवून काही करता येईल की कोटिंगच बदलायला लागेल? आणि आतापर्यंतचे आर२ चे आकडे लिहायचे तर कसे लिहायचे? सेल कल्चरवाल्या मुलीचे एमटीटीचे (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून बघायची टेस्ट) निकालही एकमेकांशी जुळत नाहीयेत, त्याचं मूळही इथेच आहे का हेही कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

---

प्रतिसाद, कोलॉइडवाला:

ताई, शंका अगदी बरोबर आहे, सोडू नका ती. सायट्रेट हा लहान रेणू आहे, तो कणाला फक्त निगेटिव्ह चार्ज देतो, कणांमध्ये अंतर ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नाही. पाण्यात चार्जचा पल्ला लांब असतो, १ मिलिमोलर मिठातही जवळपास १० नॅनोमीटर, पण पीबीएसमध्ये मीठ साधारण १५० मिलिमोलर, तिथे तो पल्ला १ नॅनोमीटरच्या आत येतो. कण एकमेकांच्या इतके जवळ येतात की आकर्षण जिंकतं. ही झाली अर्धी गोष्ट.

दुसरी अर्धी फॉस्फेटची, आणि ती लोक विसरतात. आयर्न ऑक्साईडच्या पृष्ठभागाला फॉस्फेट फार आवडतो, सायट्रेटपेक्षा घट्ट बसतो, त्यामुळे तुम्ही मेहनतीने लावलेलं सायट्रेट तो हळूहळू काढून टाकतो. वेगळं ओळखायला सोपी टेस्ट आहे. तेवढ्याच मिठाचं सोडियम क्लोराईड घ्या, हेपेस नावाच्या बिनफॉस्फेटच्या बफरने पीएच ७.४ करा, फॉस्फेट अजिबात नको, आणि शेजारी पीबीएस ठेवून दोन्हींत तेच कण तेवढ्याच प्रमाणात टाकून वेळेनुसार डीएलएस घ्या. दोन्हीकडे सारख्याच वेगाने गोळा झाले तर दोष मिठाचा, पीबीएसमध्ये जास्त जोरात झाले तर फॉस्फेटही आहे.

आणि डीएलएसचा आकडा बघताना एक लक्षात ठेवा, लहान कणांसाठी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणून मूठभर गोळे असले तरी सगळा सिग्नल तेच खातात. तुम्ही फिल्टरचं जे लिहिलंय ते मला डीएलएसपेक्षा जास्त पटलं. फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं लोह मोजा, किती टक्के खरंच सुटे आहेत ते थेट कळेल.

---

प्रतिसाद, फॅन्टमवाला:

मी स्कॅनरच्या बाजूने लिहितो. गोळे झाले की आर२ वाढणं हे अपेक्षितच आहे. गोळा म्हणजे एक मोठा चुंबक, त्याच्या आसपासचं पाणी जास्त लवकर डीफेज होतं, म्हणजे त्याच्या सिग्नलचा ताल सुटतो. पण ते कायम वाढत नाही, एका साईजनंतर ते थांबतं आणि गोळा आणखी मोठा झाला की स्पिन एकोमध्ये (पल्स देऊन सिग्नल परत जुळवून मोजायची स्कॅनची पद्धत) आर२ उलट खाली येतो, कारण त्या मोठ्या क्षेत्रातून पाण्याचे रेणू पुरेसे फिरत नाहीत आणि १८० अंशांचा पल्स बराचसा डीफेजिंग परत जुळवून टाकतो. म्हणजे तुमचा आकडा तुम्ही टाकल्यापासून किती वेळाने स्कॅन केलं यावर ठरतोय. सरळ उपाय, एकच द्रव ट्यूब ठेवून अर्ध्या अर्ध्या तासाने परत स्कॅन करा, आकडा हलत असेल तर त्याला कणांचा आर२ म्हणायचंच नाही.

आता मला सांगा, फॅन्टमचं ॲगारोज (कण धरून ठेवणारं जेल) पाण्यात केलंय की पीबीएसमध्ये? आणि लोहाचं प्रमाण कोरडी पावडर तोलून काढलंय की आयसीपीने (नमुना विरघळवून त्यातलं मूलद्रव्य मोजणारं यंत्र)? मॅग्नेटाईटमध्ये वजनाने साधारण ७२ टक्केच लोह असतं, वर कोटिंग आणि ओलावा, त्यामुळे तोलून काढलेलं प्रमाण नेहमी घोळ घालतं. ज्या ट्यूबचं स्कॅन केलं त्याच ट्यूबमधला नमुना ॲसिडमध्ये विरघळवून मोजायचा, मूळ बाटलीतला नाही, कारण बाटलीत खाली बसलेलं असेल तर पिपेटमध्ये वरचं पाणी येतं.

फिटिंगमध्येही बघा. जास्त लोहाच्या ट्यूबमध्ये पहिल्या एकोपर्यंतच सिग्नल मेलेला असतो, मग उरलेल्या पॉईंटना सॉफ्टवेअर नॉईजवर रेघ मारतं आणि टी२ (आर२ च्या उलट, १ भागिले आर२) खोटा मोठा येतो. ०.०५ ते ०.५ मिलिमोलर लोह या पट्ट्यात राहा, पहिला एको फिटमधून काढून बघा, बिनकणांची ट्यूब न विसरता ठेवा. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर त्याच्या भोवती काळा डाग येतो आणि तो कणांचा समजला जातो, हेही बघा.

---

धागालेखिका:

दोघांचेही खूप आभार. ॲगारोज पीबीएसमध्येच केलंय, १ टक्का, आणि लोह आयसीपीने पण मूळ बाटलीतलं. म्हणजे जेल घट्ट होत असताना गोळे ज्या अवस्थेत होते तिथेच ते अडकले आणि आम्ही त्याच फ्रेमचा आर२ काढत बसलोय, असंच ना? मग दोन बॅचेसचे स्लोप (लोहाच्या प्रमाणाबरोबर आर२ किती वाढतो ते) एकमेकांशी का जुळत नव्हते हेही कळलं, कारण जेल ओतायला लागणारा वेळ काही दर वेळी सारखा नसतो.

हेपेसवालं करून बघितलं. फॉस्फेटशिवाय सुद्धा साईज वाढते पण हळू, संध्याकाळपर्यंत द्रावण अजून आरपार दिसत होतं, आणि शेजारचं पीबीएस तोवर पार खाली बसलेलं. म्हणजे दोन्ही कारणं आहेत पण फॉस्फेटचा हात मोठा.

---

प्रतिसाद, पेशीवाली:

एमटीटीचं मी सांगते. एमटीटी ५७० नॅनोमीटरला वाचतात आणि आयर्न ऑक्साईड तिथेही प्रकाश शोषतं, त्यामुळे मेलेल्या पेशी असल्या तरी वेल गडद दिसते आणि सगळं सुरक्षित वाटतं. पेशी न टाकता नुसत्या कणांच्या वेल्स त्याच प्लेटमध्ये ठेवायलाच हव्यात, आणि फॉर्माझान (एमटीटीपासून जिवंत पेशी बनवतात तो जांभळा रंग) विरघळल्यावर प्लेट चुंबकावर ठेवून किंवा सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण नवीन प्लेटमध्ये घेऊन वाचायचं. जोडीला एटीपीवर, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूवर, चालणारी एखादी वेगळी टेस्ट करा, एकट्या एमटीटीवर कोणाच्याही मटेरियलला सुरक्षित म्हणू नये असं माझं मत आहे.

पण तुमच्या मैत्रिणीचे आकडे न जुळण्याचं मोठं कारण बहुतेक गोळेच आहेत. गोळे तळाशी बसतात आणि पेशी तळाशीच चिकटलेल्या असतात, म्हणजे मीडियममध्ये जे प्रमाण लिहिलंय त्यापेक्षा कितीतरी जास्त लोह पेशींच्या अंगावर पडतं, आणि ते किती हे बॅचप्रमाणे बदलतं. पेशी धुऊन, ॲसिडने विरघळवून, फेरोझिनने (लोहाबरोबर रंग देणारं रसायन) ५६२ नॅनोमीटरला प्रति पेशी लोह मोजा, तोच खरा डोस. आणि कण आधी सीरममध्ये मिसळून मग मीडियममध्ये टाकून बघा, प्रोटीन अंगावर चढलं की कधी कधी गोळे होणं कमी होतं. पण त्यावर विसंबून राहू नका, ते कोटिंग नाही, प्रोटीन प्रत्येक सीरममध्ये वेगळं चढतं.

अजून एक, प्राण्यांकडे जायच्या आधी एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं सूज आणणारं विष, तपासाच. केमिस्ट्रीच्या लॅबमधलं पाणी आणि काचेची भांडी स्वच्छ दिसतात पण एंडोटॉक्सिनमुक्त नसतात, आणि मग जी सूज येते ती कणांच्या नावावर जाते. आणि कणांचा रंग त्या टेस्टमध्येही लुडबुड करतो, त्यामुळे ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून ते परत पूर्ण सापडतंय का ते बघायचं.

---

धागालेखिका:

प्रति पेशी लोहाचं कळवलंय तिला, उद्यापासून तसंच करणार आहे. प्लेट वाचायची पद्धतही बदलतोय.

आता कोटिंगचं. सरांशी बोलले, डीएलएसचे ग्राफ आणि तो तपकिरी फिल्टर दोन्ही समोर ठेवले, आणि सायट्रेट सोडून पुढे जायला ते तयार झालेत. डेक्सट्रानचं (शर्करेची लांब साखळी) एक सुचवलंय, कारण शर्करेचं कोटिंग माणसात वापरलेलं आहे, फेरुमॉक्सिटॉल २००९ मध्ये अमेरिकेत किडनीच्या पेशंटच्या ॲनिमियासाठी मान्य झालं ते असंच कार्बोहायड्रेटचं कोटिंग असलेलं आयर्न ऑक्साईड, आणि एमआरआयसाठीही डॉक्टर ते वापरतात. दुसरा पर्याय पेगचा (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्यात फुलून कणांना लांब ठेवणारी साखळी). माझा कल पेगकडे आहे, पण ते कणाला कशाने धरून ठेवायचं इथे अडलेय. सायट्रेट ज्या कार्बॉक्सिल गटाने चिकटतो त्यानेच धरलं तर फॉस्फेट परत तेच करणार ना?

---

प्रतिसाद, कोलॉइडवाला:

हो, कार्बॉक्सिलने धरलेलं पेग फॉस्फेटपुढे टिकणार नाही, त्यात वेळ घालवू नका. फॉस्फोनेट (फॉस्फेटसारखाच चिकटणारा गट) घ्या, शक्यतो एकाच टोकाला दोन फॉस्फोनेट असलेलं, म्हणजे फॉस्फेटच्या तोडीस तोड पकड मिळते. नायट्रोडोपामिनही चांगलं पकडतं. साधं डोपामिन टाळा, ते आयर्न ऑक्साईडवर हळूहळू ऑक्सिडाईज होतं आणि कणही खातं. पेग २००० ते ५००० डाल्टन रेणूभाराचं, यापेक्षा छोटं घेतलं तर अंतर पुरत नाही. डेक्सट्रान वाईट नाही, पण नुसतं चिकटलेलं डेक्सट्रान पातळ केल्यावर सुटतं, ते क्रॉसलिंक करायला, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडायला लागेल, म्हणजे आणखी एक पायरी आणि धुवायला आणखी एक रसायन.

पेग भरपूर जास्त टाका, कणांवर बसायला वेळ द्या, आणि उरलेलं काढताना डायलिसिसवर थांबू नका, पेगसारख्या लांब साखळ्या पिशवीतून फार हळू निघतात. चुंबकीय कॉलममधून कण धरून धुवा. उरलेलं पेग राहिलं तर झीटा आणि डीएलएस दोन्ही छान दिसतील आणि पेशींवर मात्र काहीतरी तिसरंच दिसेल. मग परत तीच हेपेस आणि पीबीएसची जोडी, या वेळी ३७ डिग्रीला आणि सीरमसकट, आणि फिल्टरच्या आधी-नंतरचं लोह.

---

प्रतिसाद, फॅन्टमवाला:

जुन्या आकड्यांचं राहिलंच. पाण्यातला आर२ लिहा, तो सुट्या कणांचा आहे. पीबीएसवाला लिहायचाच असेल तर त्याच वाक्यात त्या वेळची डीएलएस साईज, कण टाकल्यापासूनचा वेळ, स्कॅनरची टेस्ला (चुंबकाची ताकद) आणि एकोंमधलं अंतर लिहा, आणि तो आकडा तुलनेच्या तक्त्यात बसवू नका. हीटिंग मोजणार असाल तर तिथेही हेच लागू होईल, कारण गोळ्यात आणि जेलमध्ये अडकलेला कण फिरू शकत नाही, त्याचं तापणं सुट्या कणापेक्षा वेगळं येतं. नवीन कोटिंगची पहिली बॅच झाली की ॲगारोज पाण्यात एक आणि पीबीएसमध्ये एक असे दोन फॅन्टम एकाच रात्री करा. दोन्ही स्लोप एकमेकांवर बसले तर तो आकडा प्राण्यांच्या डोसच्या अर्जात निर्धास्त घाला.