किटलीला साजेसे जगायचे म्हणजे काय? जुन्या व्यंगचित्रांतील खरेदी आणि उच्चभ्रू समाज

प्रश्न
‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात जॉर्ज द्यू मोरिए याने १८८० साली काढलेले एक व्यंगचित्र नुकतेच पाहण्यात आले. नवविवाहित जोडपे एका चिनी किटलीकडे अक्षरशः देवदर्शनाच्या भावनेने पाहत आहे. नवरा म्हणतो, ही अगदी परिपूर्ण आहे, नाही का? बायको उत्तरते, ‘खरंच! अल्जर्नन, आपण हिला साजेसं जगू या!’ चित्र सुरेख आहे, पण यात हसण्यासारखे नेमके काय आहे आणि ही टिंगल श्रीमंतांची आहे की आणखी कुणाची, हे समजले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
त्या काळी लंडनमध्ये निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचे वेड पसरले होते. व्हिसलर आणि रोझेटी यांच्यासारखे चित्रकार ती जमवत असत, आणि १८७५ साली रीजंट स्ट्रीटवर लिबर्टीचे दुकान निघाल्यावर पौर्वात्य वस्तूंची हौस सुखवस्तू घरांतही शिरली. आपल्या निळ्या भांड्यांना साजेसे जगणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे, अशा अर्थाचे एक वाक्य ऑस्कर वाइल्डच्या नावावर सांगितले जाते. द्यू मोरिएचा रोख तिकडे आहे. माणसाने वस्तू वापरायची, ती सोडून येथे वस्तूच माणसाची लायकी ठरवू लागली आहे, ही त्यातली गंमत. चित्राच्या शीर्षकात किटलीला ‘सहा खुणांची’ म्हटले आहे, कारण अशा भांड्यांच्या बुडाशी सहा चिनी अक्षरांची राजमुद्रा असे आणि संग्राहक भांडे उलटे करून आधी ती पाहत. चहा कसा होतो, याची चौकशी कोण करणार!

प्रतिसाद २
वरील खुलाशाशी सहमत आहे, मात्र टिंगल कुणाची या प्रश्नाचे उत्तर द्यू मोरिएच्या दुसऱ्या एका पात्रात अधिक स्पष्ट दिसते. सर गॉर्जियस मायडास हा नवश्रीमंत गृहस्थ रात्री दोननंतर घरी येतो, तेव्हा दारात चारच नोकर उभे असतात आणि बाकीचे झोपायला गेलेले असतात. तो संतापून म्हणतो की, मी एखाद्या मित्राला सोबत आणले असते, तर आम्हाला आत घ्यायला तुम्ही चौघेच असता! मूळ इंग्रजीत तो ‘ह’ हवा तेथे गाळतो आणि नको तेथे घुसवतो, म्हणजे पैसा आला तरी जीभ जुनीच राहिली. आपल्याकडे ‘न’ आणि ‘ण’ यांवरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड आहे, तिचाच हा इंग्रजी अवतार. माझ्या मते येथे ‘पंच’ खानदानी उमरावांना बराच सांभाळून घेतो आणि पैशाच्या जोरावर त्यांच्या पंगतीत बसू पाहणाऱ्यांना झोडपतो. हा कोतेपणा मला खटकतो, जरी रेखाटन अप्रतिम असले तरी.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. अमेरिकेत हाच विषय कसा हाताळला गेला?

प्रतिसाद ३
१९२५ साली ‘न्यू यॉर्कर’ हे साप्ताहिक सुरू झाल्यावर लांबलचक संवाद मागे पडून चित्राखाली एका वाक्याची ओळ रूढ झाली. त्यातील व्यंगचित्रकार पीटर आर्नोच्या १९३६ मधील चित्रात ठेवणीतले कपडे घातलेली धनिक मंडळी ओळखीच्यांना बोलावतात: चला, ट्रान्स-लक्समध्ये जाऊन रूझवेल्टची हुर्यो उडवू. ते वृत्तपटांचे चित्रगृह होते, म्हणजे ही हुर्यो पडद्यावरच्या राष्ट्राध्यक्षांची! आर्नो धारदार आहे, पण खरेदीचे म्हणाल तर तेथलीच व्यंगचित्रकार हेलन हॉकिन्सन पाहावी. तिच्या स्थूल, मध्यमवयीन, महिला मंडळांत रमणाऱ्या बायका टोपी घालून आरशासमोर उभ्या राहतात, तेव्हा त्यांची उमेद आणि धास्ती ती एकाच रेषेत पकडते. चित्राखालील ओळी १९३१ पासून बहुधा जेम्स रीड पार्कर लिहीत असे. लोक या बायकांना हसतात याचे हॉकिन्सनला वाईट वाटू लागले आणि ती भाषणांतून त्यांची बाजू मांडू लागली. १९४९ साली विमान अपघातात तिचा मृत्यू झाला, तेव्हाही ती एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी वॉशिंग्टनला निघाली होती. द्यू मोरिएने सर गॉर्जियसची बाजू मांडल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही.