सर्व्हिसिंगनंतर ऑइल मॅक्सच्या वर, गाडी चालवू का?

कापूसवाला: भाऊ, परवा यवतमाळले डिझेल गाडीची सर्व्हिसिंग केली, आज सकाळी डिपस्टिक (ऑइल मोजायची कांडी) काढून पाह्यली त ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर. गॅरेजवाल्यायले फोन केला त म्हणे काही होत नाही, चालवा बिनधास्त. उद्या नागपूरले जायचं हाय, जाऊ का?

डिझेलभाऊ: पहिले गाडी सपाट जागेवर लाव, अंगणातल्या उतारावर नाही. इंजिन गरम करून बंद कर, पाच-दहा मिनिटं थांब, कांडी पुसून पुन्हा पाहा. तरी बोटभर वर असन त नागपूर राहू दे. बऱ्याच गाड्यायत मिन ते मॅक्स म्हणजे जवळपास 1 लिटर, त्यावरून हिशेब लाव. क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ऑइलात बुडून फिरला का ताकासारखा फेस येते, मंग ऑइलचं प्रेशर पडते, सील बी गळते.

वणीकर: अन् डिझेलमध्ये जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ काढायची नळी) इनटेकमध्ये (हवा आत जायची वाट) गेलं त चावी काढली तरी तेच ऑइल जाळत इंजिन पळतच राहू शकते, मजाक नाही.

कापूसवाला: मंग काढू कसं? खालचा बोल्ट खोलला त धारच लागन.

डिझेलभाऊ: बोल्टले हातच नको लावू. मोठी सिरिंज अन् बारीक नळी घे, डिपस्टिकच्या भोकातून ओढ. म्या ढोरायच्या औषधाची 50 एमएलवाली नवी सिरिंज आणली होती. घडीघडी कांडी पाहत जा, नाही त जास्त काढशीन.

कापूसवाला: झालं बाप्पा! आठ सिरिंजा, 400 एमएल निघालं, आता मॅक्सच्या जरासं खाली हाय. बाटली भरून ठेवली, बिलासंगं त्यायच्याच टेबलावर ठेवतो.