लग्नाआधी बुगडीसाठी कान टोचायला येणाऱ्यांना न दुखावता 'आत्ता नको' कसं सांगू?

नमस्कार. पुण्यात माझा छोटासा पिअर्सिंग स्टुडिओ आहे. टोचण्याच्या कामाबद्दल काही विचारायचं नाही, गिऱ्हाइकांशी बोलण्याबद्दल सल्ला हवा आहे.

लग्नसराई आली की नवरी मुलगी येते, सोबत आई, आजी, कधी होणाऱ्या सासूबाईही. डबीतून आजीची मोत्यांची बुगडी निघते. "कान टोचून हीच घालून द्या, लग्न पुढच्या महिन्यात आहे."

कानाची पाळी सहा-आठ आठवड्यांत भरते. बुगडीची जागा मात्र वरच्या कुर्चेत, म्हणजे कानाच्या वरच्या कडक, लवचीक भागात. तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून पूर्ण भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. म्हणून मी पोकळ सुईने टोचून इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमची साधी दांडी घालते, सुजेसाठी थोडी लांब ठेवून. जुन्या बुगडीच्या फिरकीत मळ अडकतो, वजनही असतं. त्यात मुंडावळ्या आणि हेअरस्प्रे!

हे सांगितलं की आजींचा चेहरा उतरतो. त्यांना वाटतं, मी त्यांच्या दागिन्यालाच नावं ठेवतेय. "आमचा सोनार तारेने टोचायचा, वर हळद-खोबरेल, कुणाला काही झालं नाही." त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो बहुतेकदा पाळीचा असतो. आजीला खोडून काढल्यासारखं न होता हे कसं बोलावं?

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. साखर आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, जखमेवर गाठ वाढते का, हे विचारावंच लागतं. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना मुलगी काय सांगणार? फॉर्म दिला तर तो आईच भरते.

---

प्रतिसाद: माझं सोन्याचांदीचं दुकान आहे. आधी बुगडी हातात घ्या, कुणाची, कधी घडवली ते विचारा. नियम नंतर. मग म्हणा, "आजी, ही हिच्या कानात वर्षानुवर्षं राहायला हवी, म्हणून आज घाई नको." लग्नात प्रेसची, म्हणजे न टोचता दाबून बसणारी बुगडी घालता येते, त्याच घाटाची मिळते. टोचणं लग्नानंतर निवांत. आणि कानावर खूण करायला मुलीला एकटीलाच आत बोलवा. "आत एकाच माणसाला येता येतं" हा नियम सगळ्यांना सारखा लावलात तर कुणाला खटकत नाही.

धागाकर्ती: मनापासून आभार. प्रेसच्या बुगडीचे दोन-तीन नमुने दुकानात ठेवते, आणि फॉर्म यापुढे आतच, मुलीच्या हातात. एक उरलंच: "तुम्ही नाही तर कोपऱ्यावरचा टोचायच्या गनने लगेच टोचून देतो" असं म्हणून निघणाऱ्यांना काय म्हणावं? कुर्चेवर गन वापरू नये हे मला सांगायचंच आहे, पण ते गिऱ्हाईक पळवण्यासाठी बोलल्यासारखं वाटू नये.