मदत हवी आहे : गुहागरचं मोठं घर आवरायचंय
नमस्कार मंडळी. गुहागरला आमचं जुनं चौसोपी घर आहे, मागे नारळी-पोफळीची वाडी. आईबाबांना आता एवढा पसारा झेपत नाही. पावसाळ्याआधी त्यांना रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये न्यायचंय. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, म्हणजे आधी वारसनोंद, मग विक्री. विक्रीच्या नफ्यावरच्या करासाठी घराची १ एप्रिल २००१ ची किंमतही काढून घ्यायचीय (त्याआधीच्या मालमत्तेला तीच मूळ किंमत धरता येते). ते होईल.

अडलंय ते सामानाशी. फणसाच्या लाकडाचा झोपाळा, ज्याच्या पितळी कड्या आई दर गणपतीआधी चिंचेने घासते, आणि माळ्यावरचे सात हंडे. बाबा काहीच द्यायला तयार नाहीत, आणि मला त्यांचं मन मोडवत नाही.

कोणी असं घर आवरलंय का? सुरुवात कुठून केलीत? झोपाळा नीट सुटा करणारा सुतार गुहागर-चिपळूणकडे माहीत असेल तर नक्की सांगा.