सहा वेतांची गाय सारखी उलटतेय (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतेय). वय झालं की पिशवी (गर्भाशय) आतून दुखावली?

नमस्कार मंडळी. आमची संकरित जर्सी दहा वर्षांची आहे, सहा वेतं झालीत. पहिल्या पाच वेतांत तिला कधी दुसऱ्यांदा भरवावी (रेतन करावं) लागली नाही. सहाव्या वेळी वार (व्याल्यावर पडणारं गर्भाचं आवरण) अडकली, ती दुसऱ्या दिवशी हातानं ओढून काढली. त्यानंतर तीनदा भरवली आणि तिन्ही वेळा २१ दिवसांनी पुन्हा माजावर आली. सोट (माजावर येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ असतो.

डॉक्टरांनी हात घालून तपासलं नि म्हणाले, "पिशवी पुढं पोटात उतरलीय, वय झालं." घरचे विकायचं म्हणतात. माझ्या आईनं हिला वासरापासून वाढवलंय, मला इतक्यात हार मानायची नाही. पिशवी उतरली म्हणून गाय उलटते का?

उत्तर
दादा, अनेक वेतं झालेल्या गायीची पिशवी कालवडीसारखी कटीच्या पोकळीत राहत नाही, थोडी खाली उतरतेच. तेवढ्यावरून गाय विकू नका. मला शंका त्या ओढलेल्या वारेची येते.

गाभण असताना पिशवीच्या अस्तरावरच्या ८० ते १२० बटणांसारख्या गाठींना वार धरून असते. गाय व्याली की या गाठींचा वरचा थर झडतो. नऊ-दहा किलोंची पिशवी महिनाभरात किलोच्या आत येते. अस्तर वरवर २५ दिवसांत भरतं, पण खोलवर सहा ते आठ आठवडे लागतात. ओढताना गाठी फाटल्या, तुकडे आत राहिले, की तिथं सूज धरते आणि सोट स्वच्छ दिसूनही ती आत असू शकते.

वयाचा भागही आहे. दर वेतागणिक पिशवीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, अस्तरातल्या ग्रंथींभोवती तंतू वाढतात. गर्भ चिकटेपर्यंतचे पहिले आठवडे याच ग्रंथींच्या स्रावावर जगतो. हा बदल परत फिरत नाही, सूज मात्र बरी होते. म्हणून आधी सूज शोधा. पुढच्या माजाचा सोट घेऊन डॉक्टरांकडून व्हाइट साइड टेस्ट करून घ्या. त्यात सोट १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात समप्रमाणात मिसळून उकळतात, पिवळा रंग आला तर सूज धरावी. तोवर भरवू नका.

मूळ प्रश्नकर्ता
खूप आधार वाटला. माज आठवड्यावर आलाय. सोट जमिनीवर पडलेला चालेल, की डॉक्टरांनाच आतून घ्यायला सांगू?