पाड्यावर रेंज नाही, व्हिडिओ रीतसर डाउनलोड कुठून करू?

सातपुडाकर:
राम राम मंडळी. माझी वहिनी धडगाव तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, पाड्यावर रेंज नाहीच, टेकडीवर चढलं तर एखादी कांडी दिसते. बाळाला अंगावर कसं पाजायचं याचे व्हिडिओ तिने तालुक्याला आली तेव्हा ॲपमध्ये डाउनलोड करून नेले, आणि चार दिवसांनी एका ओल्या बाळंतिणीसमोर लावायला गेली तर "इंटरनेटला जोडा". पोरगी बाळ मांडीवर घेऊन फोनकडे बघत बसलेली, बाळ नुसतं टोक धरून चोखतंय, सोडतंय, रडतंय. वहिनीला फार लागलं ते. एक जण म्हणतो कुठलंही डाउनलोडर टाक, पण चोरून उतरवलेलं नको असं वहिनीचं म्हणणं आहे आणि मलाही ते पटतं. फाइल मेमरी कार्डात राहील असा सरळ मार्ग आहे का?

खानदेशी_मास्तर:
भाऊ, ॲपमधलं डाउनलोड म्हणजे फाइल आपल्या हातात आली असं नसतं. यूट्यूबचंच बघा, व्हिडिओ ॲपच्या आतच राहतो, गॅलरीत दिसत नाही, दुसऱ्या फोनला पाठवता येत नाही, आणि प्रीमियम घेतलं तरी २९ दिवसांतून एकदा नेट लागतंच, काही व्हिडिओंना तर ४८ तासच मिळतात. बाहेरच्या डाउनलोडरने उतरवणं त्यांच्या अटींत बसत नाही. वहिनींचं बरोबर आहे.

नर्सताई:
अहो मग आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा ना! त्यात आरोग्य आणि पोषणाचे व्हिडिओ आहेत, मराठीतही, आणि साइटवरूनच फाइल डाउनलोड होते. क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स आहे, म्हणजे कॉपी करून दुसऱ्या सेविकेला द्यायलाही हरकत नाही. बाळाला जवळ कसं धरायचं आणि तोंडात कसं द्यायचं हे दोन आधी घ्या. तुम्ही लिहिलंय ना नुसतं टोक चोखतंय, तिथंच सगळं अडतं, आईला चिरा पडतात आणि बाळाचं पोट भरत नाही. तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी, खालचा काळा भाग जास्त आत गेलेला हवा. हे तोंडी सांगून कळत नाही हो, बघूनच कळतं.

सातपुडाकर:
ताई खूप आभार, हे माहीतच नव्हतं. पण आमच्याकडच्या बऱ्याच बायका पावरीच बोलतात, मराठी भराभर ऐकलं की सुटून जातं. आवाज बंद करून वहिनीने स्वतः पावरीत सांगितलं तर चालेल?

खानदेशी_मास्तर:
चालेल की, आणि त्या लायसन्समध्ये तिचा आवाज टाकून नवीन व्हिडिओसुद्धा करता येतो, फक्त मूळ कुणाचा ते लिहायचं, बदल केलाय हे सांगायचं आणि आपलाही त्याच लायसन्सखाली खुला ठेवायचा. दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ आवडला तर त्या माणसालाच मेसेज करून मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर चित्र पुसट होतं.

नर्सताई:
पावरीत खरंच करा हो. आणि नेण्याआधी फोन एअरप्लेन मोडला टाकून प्रत्येक फाइल शेवटपर्यंत चालवून बघा.

सातपुडाकर:
रविवारी वहिनी येतेय, कार्ड भरून देतो. पावरीतला झाला की इथंच टाकतो.