शुक्रवारी ग्लेन एको: कोणी जाऊन आलंय का?

प्रेषक: जर्मनटाउन

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई महाडहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. वय ७१, गुडघे ठणठणीत. आम्ही दोघं कामावर गेलो की दिवसभर घरात एकट्या, त्यामुळे संध्याकाळी आम्ही आलो की त्यांना कुठेतरी बाहेर पडायचं असतं. लायब्ररीत एक पत्रक मिळालं. मेरीलँडमधल्या ग्लेन एको पार्कच्या स्पॅनिश बॉलरूममध्ये शुक्रवारी रात्री कॉन्ट्रा डान्स (ओळींत करायचं इथलं लोकनृत्य) असतो, बँड समोर बसून वाजवतो आणि जोडीदार नसला तरी चालतं, असं त्यात लिहिलंय.

आपल्यापैकी कोणी गेलंय का? साडी चालेल का? दारू वगैरे असते का? आणि खरा प्रश्न हा की, परक्या पुरुषाने येऊन हात पुढे केला तर त्यांना अवघडल्यासारखं होणार. नाही म्हटलेलं चालतं का?

—

प्रेषक: रॉकव्हिल

अगं, नक्की घेऊन जा त्यांना. मी सहा वर्षं जातेय. यांच्या पश्चात पहिल्यांदा गेले ती शेजारणीने ओढून नेलं म्हणून, आता एखादा शुक्रवार चुकला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, आणि जरा लांबण लावते, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

दारू नसते. पाण्याची बाटली घेऊन जायची. कोणीही कोणालाही नाचायला विचारतं, बाई बाईला आणि पुरुष पुरुषालाही. "नको, थँक्यू" म्हटलं की विषय संपला, कारण सांगावं लागत नाही. दोन बायकांनी जोडी केली तर कोणी वळूनसुद्धा बघत नाही. कोण कुठल्या बाजूला हे ओळखायला पूर्वी जेंट्स आणि लेडीज म्हणायचे, आता बऱ्याच ठिकाणी लार्क आणि रॉबिन म्हणतात. दोन पक्ष्यांची नावं. डावीकडचा लार्क, उजवीकडचा रॉबिन, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

साडी चालेल, पण पदर कमरेला घट्ट खोचायचा आणि निऱ्या घोट्याच्या वर घ्यायच्या. बूट मऊ तळव्याचे हवेत, आणि रस्त्यावर घातलेले नकोत. ती लाकडी जमीन लोक जिवापाड जपतात. साडेसात हजार चौरस फुटांची आहे, १९३३ सालची. सुरुवातीला अर्धा तास शिकवतात, तो अजिबात बुडवू नका.

आता नाचाबद्दल. हॉलभर लांबच लांब दोन-दोन ओळी, समोरासमोर. दोन जोड्या मिळून चौघांचा एक गट. कॉलर नावाचा माणूस (पुष्कळदा बाईच असते) आधी संगीताशिवाय एकदा चालवून दाखवतो: पुढे या, मागे जा, शेजाऱ्याला फिरवा, जोडीदाराला फिरवा. मग फिडल, म्हणजे व्हायोलिन, सुरू होतं. एक फेरी झाली की तुमची जोडी एक घर पुढे सरकते आणि समोर नवे दोघे येतात. असं करत रात्रभरात हॉलमधल्या निम्म्याशिम्म्या माणसांचे हात तुमच्या हातात येऊन जातात. डॉक्टर, सुतार, कॉलेजातली पोरं, ऐंशीचे आजोबा.

मी लहानपणी दहा वर्षं तबला शिकले, म्हणून मला एक गंमत पहिल्याच रात्री कळली. एक फेरी बरोबर चौसष्ट पावलांची असते, सोळा-सोळाचे चार तुकडे. म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं! चौथं आवर्तन संपून समेवर आलात की तुम्ही नव्या जोडीसमोर उभे असायला हवं. पाय चुकले तरी चालतात, सम चुकायची नाही. हे मनात बसल्यावर मी कॉलरकडे कान देणं सोडलं आणि फिडल ऐकायला लागले.

आणि ज्याला ते स्विंग म्हणतात, ती आपली फुगडीच. उजवी पावलं शेजारीशेजारी रोवायची, डाव्या पायाने जमीन ढकलत राहायची आणि अंग किंचित मागे सोडून द्यायचं. समोरच्याचा भार आपण पेलायचा, आपला त्याने. नवे लोक जमिनीकडे बघतात आणि भोवळ येऊन थांबतात. कॉलर ओरडून सांगते, "डोळ्यांत बघा!" मंगळागौरीला आजी आम्हाला नेमकं हेच सांगायची. तुझ्या सासूबाईंना हे शिकवावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र जाण्याआधी त्यांना सांग. हे पार्क १९६१ पर्यंत फक्त गोऱ्यांसाठी होतं. झुले, पोहण्याचा तलाव, हा बॉलरूम, सगळं. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे विद्यार्थी इथल्या कॅरोसेलवर, म्हणजे लाकडी घोड्यांच्या चक्रावर, तिकिटं हातात घेऊन जाऊन बसले. पहारेकऱ्याने त्यांच्यातल्या एकाला वंश विचारला, तर तो म्हणाला, मी मानववंशाचा. पाच जणांना अटक झाली. मग उन्हाळाभर फाटकाबाहेर निदर्शनं चालली, आणि शेजारच्या बॅनकबर्न वस्तीतले गोरे रहिवासी, त्यात पुष्कळसे ज्यू, त्या विद्यार्थ्यांबरोबर फलक घेऊन चालले. १९६१ च्या मोसमात पार्क सर्वांना खुलं झालं. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६४ मध्ये त्या पाच जणांची शिक्षा रद्द झाली. मी बॉलरूमच्या दारातून आत पाऊल टाकते तेव्हा दर वेळी हे मनात येतं. त्या दारातून आपल्यालाही आत घेतलं नसतं.

तुमची काकू

—

प्रेषक: गणेशोत्सव समिती

काकू, मेल मनापासून आवडली. फक्त एक आठवण: ऑगस्टपासून शुक्रवारी लेझीमची तालीम आहे. काही जण दोन्हींत आहेत, तर तालीम गुरुवारी घ्यावी का? रविवारपर्यंत कळवा.

—

प्रेषक: फेअरफॅक्स

गुरुवार मला चालेल.

काकूंनी नाचाचं लिहिलं, मी ब्लूजचं, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचं, लिहितो, कारण ब्लूज म्हणजे अंधारात बसून ऐकायचं रडगाणं असा आपल्या लोकांचा समज आहे आणि त्यामुळे ते आपल्या दारातलं संगीत ऐकायचं राहून जातं. व्हर्जिनिया आणि कॅरोलायना भागातला जो पीडमाँट ब्लूज आहे, तो मुळात नाचायलाच वाजवला जायचा. शनिवारी रात्री कोणाच्या तरी घरी चटया गुंडाळून बाजूला सारायच्या, एका गिटारवर चाळीस माणसं नाचवायची. म्हणून त्यात अंगठा कधी थांबत नाही. अंगठा खालच्या तारांवर एकाआड एक ठोका देतो आणि वरच्या तारांवर बोटं धून काढतात. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. मी चार वर्षं शिकतोय. माझा अंगठा अजून बोटांच्या मागे धावतो, पण ज्या दिवशी दहा मिनिटं तो आपला आपण चालला, त्या दिवशी मी गाडीत बसून रडलो.

मी राहतो त्या फेअरफॅक्समध्येच हा ब्लूज वाजवणारे जॉन जॅक्सन राहायचे. रॅपाहॅनॉक काउंटीत १९२४ मध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मले, इथे येऊन कबरी खोदायचं काम करायचे. १९६४ मध्ये एका पेट्रोल पंपावर ते गिटार वाजवत असताना लोकसंगीताच्या एका अभ्यासकाने ऐकलं आणि पुढे ते जगभर वाजवून आले. १९८६ मध्ये त्यांना देशाचा लोककलेतला सर्वोच्च सन्मान मिळाला. तरीही ते कबरी खोदत राहिले. २००२ मध्ये गेले. मी इथे आलो १९९८ मध्ये. चार वर्षं हा माणूस माझ्याच गावात होता आणि मला नावही ठाऊक नव्हतं, याची हळहळ अजून जात नाही.

दुसरे आर्ची एडवर्ड्स. वॉशिंग्टनच्या ईशान्य भागात बंकर हिल रोडवर १९५९ पासून त्यांचं केशकर्तनालय होतं. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी आणि गिटारी जास्त. जुने ब्लूज गायक मिसिसिपी जॉन हर्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनला आले (१९२८ च्या रेकॉर्डनंतर लोक त्यांना पार विसरले होते), ते इथे येऊन बसायचे आणि दोघे वाजवायचे. एडवर्ड्स १९९८ मध्ये वारले. शिष्यांनी संस्था काढली, ती जागा पुढे सोडावी लागली, पण शनिवारची बैठक त्यांनी मोडू दिली नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कोपऱ्यात उभा होतो. एका वयस्क गृहस्थांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली, "ई मध्ये आहे" (म्हणजे ई या पट्टीत) एवढंच म्हणाले आणि वाजवायला लागले. गुरुजींनी "बस" म्हणून षड्ज लावावा तसं. तिथे श्रोते आणि कलाकार अशा दोन रांगा नसतात, सगळे गोल करून बसतात. आपल्या भजनी मंडळात कशी पाळी फिरते, तशी गाण्याची पाळी फिरते. आपल्यापैकी कोणी हार्मोनियम, ढोलकी, काहीही वाजवत असेल तर माझ्याबरोबर चला. ढोलकीवाल्याने हात हलका ठेवायचा, अंगठा झाकला जाता कामा नये.

—

प्रेषक: जर्मनटाउन

काकू, दादा, मंडळी,

जाऊन आलो. सविस्तर लिहितेय.

आधी बुधवारी सकाळी मुलांना कॅरोसेलवर घेऊन गेलो. १९२१ सालचं आहे ते. नुसते घोडे नाहीत, चार ससे, चार शहामृग, एक जिराफ, एक हरीण, सिंह आणि वाघसुद्धा. मुलं वर बसली, आई कठड्याशी थांबल्या. काकूंनी लिहिलेलं सगळं मी त्यांना तिथे सांगितलं. चक्राच्या दोन फेऱ्या होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हे यांचं चवदार तळं." त्यांचं माहेरही महाडचंच. २० मार्चला तळ्यावर माणसांचा पूर लोटतो तो त्या जन्मापासून बघत आल्यात. १९२७ ला त्यांचे आजोबा त्या गर्दीत होते, हे मला लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं. मुलांची फेरी संपल्यावर त्यांनी स्वतःसाठी तिकीट काढायला लावलं आणि सशावर बसल्या.

शुक्रवारी आम्ही शिकवणीला वेळेत पोचलो. पहिले दोन नाच त्यांनी बाकावर बसून बघितले, हाताने मांडीवर ठेका धरून. तिसऱ्याला काकूंनी येऊन हात पुढे केला आणि आई उठल्या. सुरुवातीला इंग्रजी कळेना, डावं-उजवं चुकत होतं. समोरच्या मुलीने हलकेच खांद्याला धरून वळवलं, पलीकडच्या आजोबांनी नुसती हनुवटी हलवून दिशा दाखवली. चार-पाच फेऱ्यांनंतर शब्दांची गरजच उरली नाही.

आणि मग स्विंग आलं. काकू, तुम्ही समोर होतात, तुम्ही बघितलंच आहे. पण यादीवरच्या बाकीच्यांसाठी लिहिते. आईंनी काकूंचे दोन्ही हात फुगडीसारखे उलटसुलट धरले, चवडे जुळवले आणि अंग मागे टाकलं. पदर खोचलेला, अंबाड्याचा एक काटा उडून पडलेला. शेजारच्या दोन जोड्या थांबून बघायला लागल्या. नाच संपल्यावर एक पोरगेली मुलगी येऊन विचारते, हे हात धरायचं मला शिकवाल का? आईंनी तिला मराठीतच शिकवलं. "चवडे जुळव. घाबरू नको. मी धरलंय."

मध्यंतरात त्या फिडलवालीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिने गजाला राळ लावताना हसून त्यांच्याकडे बघितलं, यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. शेवटचा वॉल्ट्झ आई माझ्याशी नाचल्या. मला येत नाही, त्यांनाही येत नाही. आम्ही दोघी हॉलच्या कडेने हात धरून नुसत्या हळूहळू फिरत राहिलो. इतक्या वर्षांत मी त्यांचा हात इतका वेळ कधी धरला नव्हता.

दादा, या शनिवारी ब्लूजच्या बैठकीला आईंना ऐकायला यायचंय, आणि जात्यावरच्या ओव्या म्हटलेल्या चालतील का असं त्या विचारताहेत.

—

प्रेषक: फेअरफॅक्स

चालतील काय, पाळी आली की त्यांनी म्हणायच्याच. पट्टी त्यांची. मी आणि माझा अंगठा मागे येऊ.

—

प्रेषक: रॉकव्हिल

मीही येते. आणि पुढच्या शुक्रवारसाठी माझ्या गाडीत तीन जागा आहेत. साडेसहाला रॉकव्हिल मेट्रोच्या पार्किंगमधून निघू. आईंचा अंबाड्याचा काटा मला बाकाखाली सापडलाय, पर्समध्ये ठेवलाय.